मेंदूत नव्या पेशी उगवणारी गोळी? त्या मेसेजमधलं एकेक वाक्य तपासून बघू

सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. थोडक्यात त्यात म्हटलंय की शास्त्रज्ञांना मेंदूत नव्या पेशी तयार करणारं औषध सापडलंय, त्याने म्हातारपणातही स्मरणशक्ती तरुणासारखी होते, डिप्रेशनच्या गोळ्यांत आणि एका मशरूममध्ये ही ताकद आधीपासूनच आहे, आणि औषध कंपन्या हे सगळं दाबून ठेवतायत. पूर्ण खोटं असतं तर सोपं होतं हो, पण यात मधेमधे खरं पेरलंय, म्हणून तर तो लोकांना पटतोय.

"मोठ्या माणसाच्या मेंदूत रोज हजारो नव्या पेशी तयार होतात, हे सिद्ध झालंय."

हजारोंचा आकडा रॅटचा (मोठ्या जातीच्या उंदराचा) आहे, माणसाचा नाही. माणसात पहिला ठोस पुरावा १९९८ मध्ये एरिकसन आणि गेज यांच्या टीमने दिला, तोही कॅन्सरच्या ५ पेशंटच्या मेंदूंवरून, कारण त्यांना तपासणीसाठी दिलेलं एक रसायन नव्या पेशींच्या डीएनएमध्ये जाऊन बसतं. मग २०१३ मध्ये स्वीडनच्या फ्रिसेन यांच्या गटाने भन्नाट युक्ती केली, अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ पेशींच्या डीएनएमध्ये किती उतरलाय ते मोजून पेशींचं वय काढलं, आणि अंदाज आला एका बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (आठवणी तयार करायला मदत करणारा मेंदूचा भाग) रोज साधारण ७००. संपूर्ण मेंदूत न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, असतात सुमारे ८,६०० कोटी, तेव्हा प्रमाण तुम्हीच बघा.

आणि "सिद्ध झालंय" म्हणाल तर २०१८ साली सोरेल्स आणि आल्वारेझ-बुइल्या यांच्या पेपरने सांगितलं की लहानपणी ही निर्मिती झपाट्याने घटते आणि प्रौढांच्या नमुन्यांत त्यांना एकही तरुण न्यूरॉन दिसला नाही. (हेच आल्वारेझ-बुइल्या पक्ष्यांच्या मेंदूतल्या नव्या पेशींवर काम करून पुढे आलेले, म्हणजे या कल्पनेचे दुश्मन वगैरे अजिबात नाहीत.) त्याच वर्षी बोल्ड्रिनी यांच्या गटाने ७९ वर्षांपर्यंतच्या मेंदूत त्या पेशी दिसल्याचं छापलं. २०१९ मध्ये माद्रिदच्या गटाने दाखवलं की मृत्यूनंतर मेंदूचा तुकडा रसायनात किती वेळ ठेवला यावर पेशी दिसणं न दिसणं अवलंबून असतं, आणि २०२५ मध्ये फ्रिसेन यांच्या गटाला प्रौढांत विभाजन होणाऱ्या पूर्वज पेशी (ज्यांच्यापासून पुढे न्यूरॉन बनतात) सापडल्या, पण माणसामाणसात खूप फरक होता. माझं मत विचाराल तर पारडं "होतात, पण थोड्या" या बाजूला झुकतंय.

"जितक्या नव्या पेशी तितकी चांगली स्मरणशक्ती."

खरी गडबड इथे आहे, आणि हे वाक्य इतकं सहज पटतं की कोणी तपासतच नाही. नव्या पेशी हिप्पोकॅम्पसच्या ज्या डेंटेट गायरस नावाच्या भागात येतात तो भाग एकसारख्या वाटणाऱ्या दोन आठवणी वेगळ्या ठेवायला मदत करतो, म्हणजे गाडी काल कुठे लावली आणि आज कुठे लावली, तसलं. त्यात नव्या पेशींचा उपयोग होत असावा असं उंदरांवरच्या प्रयोगांवरून वाटतं. पण नवी पेशी आली की ती जुन्या जाळ्यात घुसून नवीन जोडण्या करते, मग जुन्या जोडण्यांचं काय?

टोरंटोच्या फ्रँकलँड आणि जोसलिन यांच्या गटाने २०१४ मध्ये हेच तपासलं. प्रौढ उंदरांना एक भीतीची आठवण शिकवली, नंतर काही आठवडे पळायला चाक दिलं, त्याने नव्या पेशी वाढल्या, आणि उंदीर ती आठवण विसरले! बाळ उंदीर तर पटापट विसरतात, पण त्यांच्या नव्या पेशी कमी केल्या की आठवण जास्त टिकते. गिनीपिग जन्मतःच बऱ्यापैकी तयार मेंदू घेऊन येतात, त्यांच्यात लहानपणीचं विसरणं तेवढं दिसत नाही. आता रॅटवरच्या एका नंतरच्या प्रयोगात पळण्याने आठवण पुसली गेली नाही, त्यामुळे हा काही शेवटचा शब्द नव्हे. पण "जास्त पेशी म्हणजे जास्त आठवण" हे सरळ गणित तर मोडलंच ना.

"असं औषध तयार आहे."

दोन नावं घेतली जातात. पी७सी३ हे २०१० मध्ये उंदरांवर सुमारे १,००० रसायनं चाळून सापडलं आणि म्हाताऱ्या रॅटना त्याने फायदा झाला, हे खरंय. पण ते मुख्यतः नवजात पेशींना मरण्यापासून वाचवतं, नव्या उगवत नाही, आणि ते आजही मंजूर औषध नाहीये. दुसरं एनएसआय-१८९, प्रयोगशाळेत माणसाच्या हिप्पोकॅम्पसच्या मूळ पेशींवर निवडलेलं. डिप्रेशनच्या २२० पेशंटवरच्या चाचणीत २०१७ मध्ये ते मुख्य कसोटीवर नापास झालं. काही दुय्यम मोजमापांत थोडं बरं दिसलं, मेसेजवाल्यांनी नेमकं तेवढंच उचललंय.

"डिप्रेशनच्या गोळीने नव्या पेशी वाढतात, मग निरोगी माणसानेही घ्यावी."

उंदरांत फ्लुऑक्सेटीन या डिप्रेशनच्या गोळीने वाढतात, बरोबर. २००३ चा गाजलेला प्रयोग असा की एक्स-रे मारून नव्या पेशी बंद केल्या तर गोळीचा परिणामही गेला. माणसाबद्दल मात्र ३,१२७ स्ट्रोक पेशंटवरची फोकस चाचणी बघा, मेंदू सावरायला मदत होईल या आशेने ६ महिने फ्लुऑक्सेटीन दिलं. ती स्मरणशक्तीची चाचणी नव्हती हे मान्य, पण रोजच्या हालचाली आणि कामं यात काहीच फरक पडला नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं.

"लायन्स मेन मशरूम नैसर्गिक आहे, त्याने पेशी वाढतात."

२००९ चा जपानी अभ्यास, ५० ते ८० वयाचे फक्त ३० लोक, १६ आठवडे. विचारशक्तीच्या चाचणीतले गुण वाढले, पण मशरूम बंद केल्यावर ४ आठवड्यांत परत घसरले. आता खरंच नवे न्यूरॉन उगवले असते तर महिन्याभरात कुठे गेले?

"चालल्यानेही पेशी वाढतात, एमआरआयमध्ये दिसलंय."

एमआरआयमध्ये पेशी मोजता येत नाहीत, आकार मोजता येतो. २०११ मध्ये १२० ज्येष्ठांवर अभ्यास झाला, वर्षभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस २ टक्के वाढला, पण स्मरणशक्तीच्या चाचणीत चालणारे आणि नुसतं स्ट्रेचिंग करणारे दोघंही सुधारले. चाला जरूर, त्याचे फायदे भरपूर आहेत, पण या कारणासाठी नको.

"कंपन्या दाबून ठेवतायत."

एनएसआय-१८९ बनवणाऱ्या कंपनीने आपलं अपयश स्वतःच जाहीर केलं होतं. अशी गोळी ज्याला सापडेल तो ती लपवेल की विकेल?

राहता राहिला मेसेजच्या शेवटचा "अर्धी गोळी घेऊन बघा" हा सल्ला. फ्लुऑक्सेटीन दुसऱ्या काही औषधांसोबत घेतलं तर मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं, त्यामुळे घरात कोणाची तरी पडलेली स्ट्रिप उचलून सुरू करू नका. आणि ज्यांना डॉक्टरने ती खरोखर डिप्रेशनसाठी दिलीये त्यांनी हे वाचून बंदही करू नका, ती त्या आजारावर चालते का हा प्रश्नच वेगळा आहे आणि त्याचे पुरावेही वेगळे आहेत.