न चिकटणाऱ्याची पारख

आमच्या घरात आजवर तीन नॉनस्टिक पॅन निवर्तले. पहिला स्टीलच्या कालथ्याने गेला, आणि तो कालथा माझ्या हातात होता हे मी येथे प्रथमच लेखी कबूल करतो. दुसरा मी रिकामाच शेगडीवर चढवला आणि फोन वाजला म्हणून बाहेरच्या खोलीत गेलो. परतलो तेव्हा स्वयंपाकघरात असा वास कोंडला होता की पंचनाम्याची गरज उरली नाही. तिसऱ्याला मात्र कोणी काही केले नाही, अशी माझी परवापरवापर्यंत प्रामाणिक समजूत होती. लाकडी कालथा, मऊ घासणी, मंद आच अशी सगळी पथ्ये पाळूनही तो आठव्या महिन्यात मधोमध चिकटू लागला. नॉनस्टिक पॅनने चिकटू लागणे म्हणजे पहारेकऱ्याने घोरू लागणे. बाकी सगळे जागच्या जागी असते, गणवेशही नीट असतो, फक्त ज्या कामासाठी ठेवला तेवढेच होत नाही. सकाळची अंडी करणे हे घरातले माझ्याकडे असलेले एकमेव खाते असल्यामुळे या तिन्ही निधनांचा हिशेब माझ्याच नावे मांडला गेला.

तिसरा पॅन मी जाहिरात पाहून आणला होता. रात्री उशिरा लागणाऱ्या त्या लांबलचक जाहिरातीत एक अतिशय आनंदी गृहस्थ पॅनमध्ये साखर जाळून काळी करत, मग पॅन तिरका केला की ती साखर आरशावरून पाणी ओघळावे तशी खाली येई. त्यावर त्यांनी चीज वितळवले, तेही निमूटपणे घसरले. मग त्यांनी मूठभर खिळे पॅनमध्ये टाकून त्यात विजेवर चालणारे घुसळणीयंत्र फिरवले, आणि त्या खडखडाटानंतरही पॅनवर एक चरा नव्हता. शेवटी अंडे आले, तेलाच्या थेंबाविना, आणि मनगटाच्या एका झटक्यासरशी हवेत पालथे होऊन परत जागेवर बसले. खिळे खाणाऱ्या कुटुंबासाठी तो पॅन निःसंशय उत्तम होता. आम्ही अंडी खातो, ही आमची चूक झाली.

जाहिरात खोटी असते असे मी म्हणणार नाही. तिच्यात दाखवलेला प्रत्येक चमत्कार मी घरी पहिल्या दिवशी करून पाहिला (खिळे वगळून) आणि प्रत्येक चमत्कार झाला. अडचण एवढीच, की पहिल्या दिवशी तो चमत्कार कोणताही नॉनस्टिक पॅन करतो. बाजारातला अगदी हलक्यातला हलका पॅनसुद्धा पहिल्या दिवशी त्या आनंदी गृहस्थांची लाज राखेल. जाहिरातीतला पॅन कायम पहिल्या दिवसात राहतो आणि घरातला पॅन दोनशेव्या दिवशी कामाला लागलेला असतो. गिऱ्हाइकाने करायचे काय, तर दुकानात उभे राहून, त्या झगझगीत दिव्यांखाली, पहिल्या दिवसाच्या पॅनकडे पाहून त्याचा दोनशेवा दिवस ओळखायचा. चौथा पॅन आणायची वेळ आली तेव्हा मी ही विद्या शिकायचे ठरवले.

अभ्यासाला बसल्यावर पहिला धक्का बसला तो असा, की या सगळ्या प्रकरणाचा उगमच एका फसलेल्या सिलिंडरात आहे. रॉय प्लंकेट नावाचे रसायनशास्त्रज्ञ १९३८ साली अमेरिकेतील न्यू जर्सीमध्ये ड्यूपाँट कंपनीसाठी शीतकपाटातल्या वायूंवर काम करत होते. ६ एप्रिलला त्यांनी एका सिलिंडरची तोटी उघडली तर वायू येईना, पण वजन केले तर सिलिंडर भरलेला. शेवटी तो करवतीने कापला, तेव्हा आत मेणचट पांढरी भुकटी निघाली. तेच पुढे टेफ्लॉन म्हणून नावारूपाला आले. त्याला काहीही चिकटत नाही. भिंतीवर आणि छतावर बिनदिक्कत फिरणाऱ्या पालीचासुद्धा कोरड्या टेफ्लॉनवर पाय ठरत नाही. ही माहिती मी जेवताना सांगितली, ती वेळ चुकली.

आता ज्या पदार्थाला जगातले काहीच चिकटत नाही, तो पॅनला कसा चिकटवायचा? नॉनस्टिकची सगळी मेख या एका प्रश्नात आहे. तो प्रश्न फ्रान्समधल्या मार्क ग्रेगवार या अभियंत्याने १९५४ साली सोडवला आणि १९५६ साली टेफाल ही कंपनी उभी राहिली. टेफ्लॉनमधला टेफ आणि अ‍ॅल्युमिनियममधला अल. या गृहस्थांना भांड्यांवर प्रयोग करण्याची कल्पना त्यांच्या पत्नीने, कोलेट यांनी, सुचवली असे सांगतात, आणि हे आमच्या घरी लगेच मान्य झाले. चिकटवण्याची युक्ती थोडक्यात अशी: धातूचा पृष्ठभाग आधी खरखरीत करायचा, त्या खाचाखोचांत अस्तराचा थर रुतवायचा, वर लेप चढवायचा आणि सगळे मिळून भट्टीत सुमारे ४०० अंश सेल्सिअसला भाजून काढायचे. म्हणजे लेप टिकणार की पोपडे धरणार, हे जे काही ठरते ते त्या खाचांमध्ये, त्या अस्तरात आणि त्या भट्टीत ठरते, आणि यातले काहीच दुकानात दिसत नाही. दिसतो तो वरचा तुकतुकीत चेहरा. चेहऱ्यावर कोणाची पारख झाली आहे?

चेहरा असा निरुपयोगी ठरल्यावर मी खोक्यावरच्या शब्दांकडे वळलो. ग्रॅनाइट म्हणजे त्यात दगड असेल अशी माझी भाबडी समजूत होती. बहुतेक वेळा ते त्याच जुन्या लेपावर उडवलेले ठिपके असतात, आणि ठिपक्यांमुळे चरे चटकन दिसत नाहीत हा फायदा मात्र खरा आहे. ‘पाच थर’ हे वाचून मला तटबंदीचा भास झाला होता. हे सगळे थर मिळून साधारण काही डझन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात आणि माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, हे कळल्यावर मी एक केस उपटून त्याच्याकडे बराच वेळ पाहत बसलो. एवढ्या जागेत पाच मजले बांधणाऱ्यांचे कौतुक वाटले. सिरॅमिक म्हटला जाणारा लेप निराळा, त्यात टेफ्लॉन नसते, सिलिकॉनच्या संयुगांपासून तो बनतो आणि आच जरा जास्त सोसतो. पण त्याचा गुळगुळीतपणा सहसा लवकर ओसरतो. आणि ‘पीएफओए-मुक्त’ हे ठळक हिरव्या अक्षरांत! पीएफओए हे टेफ्लॉन बनवताना पूर्वी वापरले जाणारे रसायन. त्यापासून २०१५ पर्यंत पूर्ण मोकळे होण्याच्या कार्यक्रमात आठ मोठ्या कंपन्या २००६ सालीच अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेबरोबर सहभागी झाल्या होत्या. आज त्याची जाहिरात करणे म्हणजे मोटारीवर ‘हिला वाफेचे इंजिन नाही’ अशी पाटी लावणे. खरी काळजी घ्यायची ती आचेची. २६० अंशांपलीकडे टेफ्लॉनचा लेप बिघडू लागतो आणि ३५० च्या वर तर त्यातून निघणारी वाफ पक्ष्यांचा जीव घेऊ शकते. दुसऱ्या पॅनच्या वेळी आमच्या घरात पिंजरा नव्हता, हे त्या पक्ष्यांचे नशीब. पोपट झाला तो फक्त माझा.

एवढ्या तयारीनंतर मी एका सकाळी पिशवीत वजनकाटा, स्टीलची पट्टी, फ्रिजवरचे लोहचुंबक, विजेरी आणि वेगवेगळ्या कठीणपणाच्या तीन पेन्सिली घेऊन दुकानात दाखल झालो. काउंटरवरच्या मुलाने पिशवीत डोकावून पाहिले आणि सौजन्याने विचारले, “काका, काही विकायचे आहे का?”

वजनकाटा मी मुद्दाम आणला होता. प्लंकेट यांचे जे काम वजनाने केले ते माझेही करील, असा माझा होरा होता, आणि तो बरोबर ठरला. दोन पॅन, दोन्हींचा व्यास २४ सेंटिमीटर. जाहिरातीतला ५२० ग्रॅम भरला आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेला, ज्याची जाहिरात मी कधी पाहिली नव्हती, तो ८४० ग्रॅम. त्यातही पहिल्याच्या वजनात बराचसा वाटा त्याच्या रुबाबदार दांड्याचा होता. पातळ बुडाचा पॅन ज्वाळेच्या बरोबर वर तेवढा जळतो आणि कडेला थंड राहतो, मग लेप मधोमध आधी मरतो. माझ्या तिसऱ्या पॅनची व्यथा नेमकी तिथली होती. नंतर दोन्ही पॅन काचेच्या काउंटरवर ठेवून मी काठावर बोट दाबले. हलका पॅन पाळण्यासारखा डुलला. बुडाला पट्टी आडवी लावून पलीकडून विजेरीचा झोत टाकला, तर पट्टीखालून मधोमध उजेडाची फट दिसली. येथे मी विजयाने ओरडणार होतो, पण जड पॅनच्या खालूनही बारीकशी रेघ दिसली. बूड तापल्यावर फुगून सपाट व्हावे म्हणून मुळात किंचित खोलगट ठेवतात, हे मी वाचलेले अगदी वेळेवर आठवले. लोहचुंबक एका पॅनला बुडाच्या कडेपर्यंत चिकटले, दुसऱ्याला फक्त मध्यावर, तळहाताएवढ्या जागेत. इंडक्शन शेगडीवर तेवढीच जागा तापणार. नॉनस्टिकच्या खरेदीत चिकटण्याबद्दल मला आनंद झाला तो या एकाच प्रसंगी.

मग मी पॅन दिव्याखाली तिरका धरून आतली बाजू न्याहाळली, कुठे फोड, सुईच्या टोकाएवढे छिद्र, दांडा जोडणाऱ्या रिवेटांभोवती उघडा धातू दिसतो का ते पाहिले, आणि शेवटी पेन्सिल काढली.

“काका, पेन्सिलीने काय करताय?”

“लेप किती कठीण आहे ते बघतोय. रंगांच्या प्रयोगशाळेत अशीच परीक्षा घेतात.”

“चरा पडला तर?”

“तर पॅन वाईट. घेणार नाही.”

“चरा पडला तर तुम्हालाच घ्यावा लागेल.”

विज्ञानाची वाट अशी व्यवहाराने अडवल्यावर मी पेन्सिल खिशात घातली. तरीही त्याला विचारले, की हा जाहिरातीतला पॅन खरोखर खपतो का. “हाच सगळ्यांत जास्त जातो,” तो म्हणाला. मी विचारले, “आणि परत किती येतात?” त्यावर त्याने जे उत्तर दिले ते मी अजून विसरलेलो नाही. “परत कोणी आणत नाही, काका. दुसरा घेऊन जातात.”

शेवटचा उपाय म्हणून मी खोक्यातला हमीचा कागद मागितला. खरेदीआधी तो कोणी मागितल्याचा त्या मुलाच्या नोकरीतला हा पहिलाच प्रसंग असावा, कारण तो आधी आत जाऊन कोणाला तरी विचारून आला. खोक्यावर छापले होते, ‘धातूचे चमचे निर्धास्त वापरा’; कागदावर होते, ‘धातूच्या चमच्यांमुळे पडलेले चरे हमीत येत नाहीत’. खोक्यावर ज्वाळा उसळत होत्या, कागदावर ‘मंद ते मध्यम आच’. खोक्यावर भांडी धुण्याचे यंत्र चालत होते, कागदाला हाताने धुणे पसंत होते. खोक्याचा लेखक आणि कागदाचा लेखक यांची आयुष्यात कधी गाठ पडली नसावी. जड पॅनच्या खोक्यावर मात्र दर्शनी भागातच, काहीशा तुसड्या भाषेत, धातूचा चमचा वापरू नये, रिकामा तापवू नये असे बजावले होते आणि आतला कागदही तेच म्हणत होता. वजन, पट्टी, चुंबक यांपेक्षा ही कसोटी मला अधिक भावली. जो विकण्याच्या आधीच चार गोष्टींना नाही म्हणतो, त्याला निदान दोनशेवा दिवस ठाऊक असतो.

त्याच कागदावर पाचवी ओळ होती: ‘गरम पॅन थंड पाण्याखाली धरू नये. बूड वाकते व लेप सुटतो.’

मी ती ओळ दोनदा वाचली. अंडे ताटलीत उतरवले की तापलेला पॅन तसाच नळाखाली धरायचा, तो ‘छन्न’ असा आवाज ऐकायचा आणि वाफेचा लोट अंगावर घ्यायचा, हा आठ महिने माझ्या सकाळचा सर्वांत आवडता क्षण होता. आनंदी गृहस्थांना आणि त्यांच्या खिळ्यांना मी मनातल्या मनात अर्धी शिक्षा माफ केली. अर्धीच, कारण बूड मुळात पातळ होते, हे वजनकाट्याने सिद्ध झाले होते. पण हा तपशील घरी सांगण्याची निकड मला वाटली नाही.

जड पॅन घेऊन आलो. बुडावर लिहिले तर जळून जाईल म्हणून दांड्याच्या खालच्या बाजूला, न पुसणाऱ्या शाईने, खरेदीची तारीख बारीक अक्षरांत लिहिली. बायकोने चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाली, “शेजारी दुसऱ्या तारखेला जागा ठेवली आहे ना?” ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोड्याशा लोण्यावर पहिले अंडे घातले. ते सरकले. अर्थात पहिल्या दिवशी सरकण्याला काडीची किंमत नाही हे आता मला पक्के ठाऊक असल्यामुळे मी चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही, अंडे ताटलीत घेतले, पॅन उचलला आणि पाय सवयीने बेसिनकडे वळले. नळाला हात लागणार एवढ्यात मागून, वर्तमानपत्रातून मान वर न करता, बायको म्हणाली, “थंड होऊ द्या. मागचाही असाच घालवलात.”