आचरेकर सरांचा रुपया आणि बाकीचा हिशेब

२ जानेवारी आली की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आमच्यात सचिन तेंडुलकरचे कोच रमाकांत आचरेकर यांचा विषय निघतोच. २०१९ साली याच तारखेला सर गेले. यंदा वादाला तोंड फोडलं धाकट्याने. हा उपनगरात मुलांना क्रिकेट शिकवतो. म्हणाला, "सरांची आठवण म्हणून आठवडाभर प्रत्येक मुलाच्या नेटमध्ये स्टंपवर रुपया ठेवणार."

आमच्यातला अंपायर लगेच म्हणाला, "ठेव, पण नेटमध्ये नको."

"का? सर तेच करायचे की."

"अर्धंच ऐकलंयस. सरावाची शेवटची पंधरा मिनिटं सचिन बॅटिंगला, सगळे बोलर आळीपाळीने टाकणार आणि साठ-सत्तर पोरं मैदानभर फिल्डिंगला. आऊट केला तर रुपया बोलरचा, टिकला तर सचिनचा. इतक्या गर्दीत चेंडू हवेत गेला की कुणाच्या तरी हातात पडणारच. म्हणून प्रत्येक फटका जमिनीलगत मारावा लागायचा. जाळी कॅच घेते का? उचलून मारलेला फटका जाळीत अडकतो, पोरगा खूष. सामन्यात तोच मिडऑनच्या हातात असतो. तुझ्या नेटमध्ये रुपयाने पोरगं एवढंच शिकेल की बोल्ड व्हायचं नाही. मग पंधरा मिनिटं नुसतं टुकूटुकू खेळेल."

धाकटा जरा गप्प झाला. स्टंपचा माथा साधारण साडेतीन सेंटीमीटर रुंद असतो, त्यावर नाणं आरामात बसतं. म्हणूनच ही गोष्ट नक्कल करायला सोपी वाटते. फिल्डर गोळा करणं अवघड, ते मात्र सगळे गाळतात.

स्कोअररला वेगळाच राग होता. "रुपया, स्कूटर, थप्पड. दर वर्षी याच तीन गोष्टी. त्या पाव तासाआधीचा दिवस कुणी सांगत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी साडेसातला नेट, ते साडेदहापर्यंत. मग सामना, तो साडेचारला संपणार. अर्धा तास विश्रांती, पाच ते सात परत सराव, आणि त्याच्या शेवटी तो रुपया. वर पॅड-ग्लोव्ह्ज न काढता पार्काला दोन फेऱ्या. हा कट्टाच सव्वा किलोमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे सव्वादोन-अडीच किलोमीटर झाले, तेही दिवसभर खेळून थकल्यावर. का? शंभरीजवळ पाय जड झाले तरी दुसरी धाव पळता आली पाहिजे. साठ दिवसांच्या सुट्टीत पंचावन्न सामने खेळलाय सचिन."

"आणि माझ्याकडे दोन नेट, तीस मुलं, तीन तास," धाकट्याने स्वतःच हिशेब मांडला. "डोक्यामागे बारा मिनिटं."

"त्या बारा मिनिटांत पोरगा चार वेळा आऊट झाला तरी बॅट सोडत नाही," स्कोअरर म्हणाला. " सामन्यात पहिल्या चेंडूवर गेला की झाडाखाली बसायचं, उद्यापर्यंत. सरांची खरी युक्ती ही. शाळा सुटल्यावर सामने ठरवून ठेवायचे, समोरच्या संघाला आधीच सांगायचे की हा चौथ्या नंबरला येईल. स्कूटर त्यासाठी होती, एका मैदानावरून दुसऱ्यावर न्यायला. लोकांना स्कूटर आठवते. आधी घातलेल्या शब्दांचा हिशेब कुणी ठेवत नाही."

थप्पडेवर फार वेळ गेला नाही. सामना सोडून शाळेच्या सीनियर संघासाठी टाळ्या वाजवायला गेलेल्या सचिनला सरांनी थप्पड मारून काय सुनावलं ते सगळ्यांना पाठ आहे. आज हात उचलला तर अकादमीला कुलूप लागेल, आणि लागायलाच हवं, यावर एकमत. मुद्दा सामना बुडवू नये हा होता, तो हात न उचलताही सांगता येतो.

मग बँकवाला बोलला. सर स्टेट बँकेत होते म्हणून त्याला भलताच जिव्हाळा. "तुम्ही सगळे मैदानावरचंच बोलताय. सकाळ-संध्याकाळ पार्कात, मधे नोकरी, सुट्टीच्या दिवशी सामने. या माणसाला कुटुंबवत्सल म्हणणं सोपं आहे, पण घर चालवलं कुणी? पुढे अर्धांगवायूने हालचाल अवघड झाली तेव्हा वर्षानुवर्षं सांभाळलं घरच्यांनीच. मुलगीही कोचिंगमध्ये उतरली. श्रद्धांजलीत घरच्यांसाठी एक ओळ असते, तीही शेवटची."

यावर कुणी वाद घातला नाही. अंपायरने फक्त भर घातली, "आणि स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळलेला माणूस. १९६३-६४, मोईन-उद-दौला करंडक, स्टेट बँकेकडून हैदराबादविरुद्ध. कोच व्हायला कसोटी खेळावी लागते म्हणणाऱ्यांना हे ऐकवा."

सचिन आणि विनोद कांबळीची ६६४ धावांची भागीदारी निघाल्याशिवाय आमची बैठक उठत नाही. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, शालेय हॅरिस शील्ड स्पर्धेची उपांत्य फेरी, या दोघांची शाळा शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. सर मैदानावर नव्हते. सहायक कोच लक्ष्मण चव्हाण सीमारेषेवरून डाव सोडा म्हणून ओरडतायत आणि ही दोघं तिकडे बघतच नाहीत. शेवटी ७४८ वर २ बाद असताना डाव सोडला. कांबळीला ३५० साठी आणखी एक धाव हवी होती, सरांनी फोनवरून नाही म्हटलं, असं सांगतात.

"क्रूरपणाच," धाकटा म्हणाला.

"पुढचं बघ," स्कोअरर. "त्याच कांबळीने ३७ धावांत ६ बळी घेतले, झेवियर्स १४५ ला गारद. विश्वविक्रम झाला तरी सामना जिंकायला वीस विकेट घ्याव्या लागतात, त्याला वेळ लागतो. सरांच्या डोक्यात तेवढंच."

सरांच्या स्मारकावर मात्र जुंपली. डिसेंबर २०२४ मध्ये पार्काच्या पाच नंबर गेटजवळ ते उभं राहिलं. बँकवाल्याला त्याचा अभिमान, अंपायरला त्यात राम वाटत नाही. त्याच्या मते खरं स्मारक शिष्यांत आहे, आणि तेही सचिनमध्ये नाही. चंद्रकांत पंडितने कोच म्हणून विदर्भाला दोनदा आणि मध्य प्रदेशला रणजी जिंकून दिली. प्रवीण आमरे, रमेश पोवार कोच झाले. एका नेटमधून खेळाडू निघतात ते ठीक, पण कोच निघतात तेव्हा शिकवण्याची पद्धत पुढे जाते. माझं मत अंपायरच्या बाजूने. पण गेटजवळ थांबून पोरं नाव वाचतात, तेही काही वाईट नाही.

"मग मी करू काय?" धाकटा मुद्द्यावर आला.

अंपायरने बोटांवर मोजलं. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी जाळी गुंडाळून ठेवायची. तीस मुलांचे दोन संघ, पंधरा-पंधरा. पंधराही जण फिल्डिंगला, दाटी झाली तरी चालेल. षटकाला चार मिनिटं धरली तर दोन तासांत तीस षटकं, प्रत्येक डावाला पंधरा. बोलरला जास्तीत जास्त तीन षटकं, म्हणजे निदान पाच जणांना बोलिंग मिळते. आऊट झालेल्याने वहीत स्कोअर लिहायचा. तेच चौघे रोज खेळतात ही यातली खोट, म्हणून पुढच्या सामन्यात बॅटिंगचा क्रम उलटा करायचा. आणि पहिल्या चेंडूवर गेलेल्याला दुसरी संधी द्यायची नाही.

"इथेच गोची होईल. महिन्याची फी भरून माझ्या मुलाने एकच चेंडू का खेळायचा, असं विचारतील पालक."

"विचारू देत."

"मग ती मीटिंग तू घे."

अंपायरने शनिवार चालेल का विचारलं. शनिवारी त्याचाच सामना आहे, हे स्कोअररने दाखवून दिलं.