दुप्पट रोध खरा, पण १०० मिलिटेस्लाला
‘ग्राफीनचा रोध ०.१ टेस्लाला दुप्पट होतो, म्हणून तो हॉल सेन्सरची जागा घेईल’ हे ग्राफीनवरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. (ग्राफीन म्हणजे एका अणूच्या जाडीचा कार्बनचा थर; हॉल सेन्सर म्हणजे विजेच्या प्रवाहाला आडव्या उमटणाऱ्या ‘हॉल व्होल्टेज’वरून चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर; ०.१ टेस्ला म्हणजे १०० मिलिटेस्ला.) कमी चुंबकीय क्षेत्रात रोधाची ही वाढ क्षेत्राच्या वर्गाने होते. म्हणजे १ मिलिटेस्लाला जेमतेम ०.०१ टक्का, आणि क्षेत्राची दिशा कळतच नाही. हॉल व्होल्टेज सरळ रेषेत वाढतं, चिन्हासकट.

चुंबक लावून १०० मिलिटेस्लाचा बायस, म्हणजे कायमचं पायाभूत क्षेत्र, दिला, तर त्यावरच्या १ मिलिटेस्लाच्या बदलाला रोध १ टक्का हलतो. पण निओडायमियमचं चुंबक तापमानाच्या दर अंशामागे साधारण ०.१ टक्का क्षीण होतं. सेन्सर पंपावर बसवला, तर जळगावच्या उन्हात पंपाच्या पत्र्याच्या पेटीत २५ अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात बायस अडीच मिलिटेस्ला घसरला, मोजायच्या सिग्नलपेक्षा जास्त! तापमानाची भरपाई हवीच. शिवाय गेट व्होल्टेज (ग्राफीनमधला भार कमी-जास्त करणारं व्होल्टेज) भारशून्य बिंदूवर, म्हणजे धन आणि ऋण भार समसमान असतील तिथे, धरून ठेवायचं, ते वेगळंच.