चोवीस तासांची लघवी : गोळा कशी करायची हेही सांगा

तरुणपणीच बीपी चढतंय, मधूनच धडधड, घाम, डोकेदुखी होते, तर शरीरात अॅड्रिनलिनसारखी संप्रेरकं जास्त बनतात का ते बघायला चोवीस तासांची लघवी तपासा, असं तुमच्या बीपीवरच्या लेखात म्हटलंय. अगदी योग्य. पण ती गोळा करायची रीत एका ओळीत उरकलीय आणि गडबड नेमकी तिथंच होते. मी कोल्हापुरात लॅबमध्ये नमुने घेतो, म्हणून लिहितोय.

सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहून ठेवायची. तिथून पुढची प्रत्येक लघवी, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची धरून, कॅनमध्ये. कॅनच्या तळाशी बहुतेक वेळा नमुना टिकवायला घातलेलं हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं. ते ओतून टाकून कॅन विसळून आणणारे पेशंट येतात! तसं करू नका. थेट कॅनमध्ये लघवीही करू नका, मगमध्ये धरून सावकाश ओता. गडहिंग्लज, चंदगडहून एसटीनं येणाऱ्यांनी झाकण घट्ट लावून कॅन उभा धरावा. मधली एखादी राहिली तर सरळ सांगा, पुन्हा सुरू करू.

आणखी एक. किडनीवरच्या ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा नावाची, ही संप्रेरकं बनवणारी गाठ असली तर अॅड्रिनलिन झटक्याझटक्यानं सुटतं, पण त्यापासून होणारा मेटानेफ्रिन हा पदार्थ गाठीतच सतत बनत राहतो. म्हणून लघवीत व्हीएमए (अॅड्रिनलिन मोडून शेवटी उरणारा पदार्थ) मोजायच्या जुन्या तपासणीपेक्षा मेटानेफ्रिन मोजणं जास्त भरवशाचं. नोकरीचं टेन्शन मोजायला मात्र ही तपासणी नाही, उगाच पैसे घालवू नका. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही आकडा वाढतो. त्या स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना आधी दाखवा.