जुन्या जीपचा जीर्णोद्धार करू इच्छिणाऱ्यांस हिताच्या चार गोष्टी

जळगावहून भुसावळला जाणारा महामार्ग आता चौपदरी झाला आहे आणि दारात वातानुकूलित मोटारही उभी आहे. तेव्हा चारही चाकांना जोर देणाऱ्या जुन्या जीपची निकड आपल्याला नेमकी आत्ताच भासावी, हे अगदी योग्य आहे.

अशी जीप शोधावी ती रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यात. ती तिथे पंपाच्या खोलीमागे, कोंबड्यांच्या ताब्यात असते. मालक ती भंगारात द्यायला निघालेला असतो. पण आपण बॉनेटवरून एकदा प्रेमाने हात फिरवलात की त्याच क्षणी ती त्याच्या आजोबांची शेवटची आठवण ठरते आणि भाव दुप्पट होतो. घासाघीस करू नये. खाली वाकून चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पाहण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण गंज दिसला की व्यवहार मोडतो आणि व्यवहार मोडला की छंदच उरत नाही.

यानंतर तिला ‘मूळ स्वरूपात’ आणण्याचे पुण्यकर्म हाती घ्यावे. महिंद्राने 1947 पासून विलीज या अमेरिकी कंपनीच्या जीपांची जुळणी आपल्याकडे सुरू केली आणि पुढे उंच बॉनेटच्या सीजे-3बी या मॉडेलने खेडोपाडी नाव कमावले. ते बॉनेट उंच होते, कारण आतले 2.2 लिटरचे हरिकेन पेट्रोल इंजिनच उंच होते. हे इंजिन फार पेट्रोल पिते म्हणून आपल्या वडिलांच्या पिढीने जागोजाग ते उतरवले, डिझेल इंजिन बसवले आणि सुटकेचा निःश्वास टाकला. आता आपण ते धडधाकट डिझेल इंजिन काढून टाकावे आणि वडिलांनी किलोच्या भावाने विकलेले पेट्रोल इंजिन मिळेल त्या किमतीस परत आणावे. वडिलांनी कारण विचारल्यास वाद घालू नये. मूळपणाचे मोल त्यांना कळणे कठीण आहे, कारण त्यांनी ती जीप रोज चालवलेली असते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बसते. अशा वेळी पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनाच्या बाजूला असतो त्या पंपावर, ओले फडके टाकून लिंबाच्या सावलीत बसावे. फडके मूळ नसले तरी चालते.

काही काम स्वतःच्या हातांनी करण्याचा हट्ट असेल, तर चाके खोलावीत. विलीजच्या घराण्यातील जुन्या जीपांमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने फिरवल्यावर सुटतात, ही माहिती आधी करून घेऊ नये. पान्याला लांब पाइप लावून त्यावर उभे राहावे आणि बोल्ट तुटेपर्यंत जोर करावा. त्यातूनच लेथवाल्याशी कौटुंबिक संबंध जुळतात.

जीप 50 वर्षांहून जुनी असेल, तर 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 20,000 रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांचा मानाचा क्रमांक मिळवता येतो. मात्र चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. तेव्हा नवा पत्रा मारलेल्या बॉडीबद्दल अर्जात फारसे काव्य करू नये. हा क्रमांक मिळाला की प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा ठरावीक कारणांखेरीज गाडी रस्त्यावर आणता येत नाही. एवढ्या खर्चाने चालती केलेली जीप कायद्यानेच उभी राहते आणि ‘चालवत का नाही?’ असे विचारणाऱ्या शेजाऱ्याला सरकारकडे बोट दाखवता येते.

म्हणून चारही चाकांची परीक्षा त्याआधीच उरकावी. या जीपांत पुढच्या व मागच्या एक्सलच्या (चाकांच्या आसांच्या) मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नसतो. कोरड्या डांबरावर चारही चाके जोडून वळले की दोन्ही एक्सल एकमेकांना ओढू लागतात आणि चारही चाके जोडणारा लिव्हर अडकून बसतो; पाहुणे आले असता हा प्रयोग अवश्य करावा. खरी परीक्षा मात्र भर श्रावणात, तापीकाठच्या काळ्या जमिनीत घ्यावी. चिकण माती टायरच्या नक्षीत भरली की चारही चाके सारख्याच निष्ठेने एकाच जागी फिरतात. मग शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर बोलवावा, आणि तो मागच्या दोनच चाकांच्या जोरावर आला आहे हे दोर बांधताना कोणी बोलून दाखवलेच, तर ऐकू न आल्यासारखे करावे.