काळ्या पडद्यावर लॉगिन अडलं की ‘बटण दाबा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दिवाळी उलटून जिनिंग सुरू झाल्या की एक मेसेज दरवर्षी फिरत फिरत माझ्या फोनवर येतो. हार्डवेअरवाले, कॉलेजचे लॅबवाले, पतसंस्थेचे क्लार्क, सगळ्यांच्या ग्रुपवर तोच. मजकूर थोडक्यात असा: ‘लिनक्स सर्वरच्या स्क्रीनवर लॉगिन होत नसेल तर सर्वर हॅक होऊन पासवर्ड बदलला आहे. बटण पाच सेकंद दाबून बंद करा, चालू करा. नाही झालं तर शॅडो फाइलमधून पासवर्ड खोडा. तरी नाही झालं तर सगळ्या फाइलींना ७७७ द्या. शेवटी फॉरमॅट.’ खाली जोडलेले हात. (शॅडो फाइल म्हणजे पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवलेली फाइल, ७७७ म्हणजे फाइल वाचायची, बदलायची, चालवायची सगळ्यांना मुभा.)

राळेगाव-कळंब-पांढरकवडा या पट्ट्यात मी दुरुस्तीची कामं करतो. या मेसेजमधल्या पहिल्या तीन पायऱ्या चढून झालेले सर्वर माझ्याकडे आलेले आहेत, म्हणून एकेक ओळ घेतो.

‘हॅक झाला’ यापासून सुरुवात. मागच्या हंगामात रात्री नऊच्या सुमारास एका जिनिंगमधून फोन आला. वजनकाट्याचा सर्वर लॉगिन घेत नव्हता आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. गेलो तर दिवाणजी डोक्याला हात लावून बसलेले. “भाऊ, म्या तं तोच पासवर्ड टाकून रायलो. हॅकच झालं ना हे!” मी म्हटलं, माझ्यासमोर एकदा टाका. त्यांनी डाव्या हाताने अक्षरं टाइप केली आणि आकड्यांसाठी उजवा हात सवयीने थेट कीबोर्डच्या उजव्या टोकाला गेला. आयुष्यभर हिशेब केलेला माणूस, वरच्या रांगेतले आकडे तो कशाला शोधेल? नमलॉकची बत्ती बंद होती. त्यांच्या लेखी ४ टाइप होत होता, सर्वरकडे बाणाची खूण जात होती. आणि पासवर्ड टाइप करताना काळ्या पडद्यावर एक ठिपकाही उमटत नाही, त्यामुळे कळणार कसं?

नमलॉक लावला, तरी लॉगिन नाही. आता मलाही घाम. पासवर्डच्या शेवटी ‘@’ होता. सर्वर ‘लॉगिन’ असं विचारतो त्या जागी, जिथे टाइप केलेलं दिसतं, मी शिफ्ट आणि २ दाबलं. पडद्यावर आलं दुहेरी अवतरण चिन्ह. इन्स्टॉल करताना कुणीतरी यूके कीबोर्ड निवडला होता. त्या मांडणीत ‘@’ आणि अवतरण चिन्ह यांची अदलाबदल असते. दोन वर्षं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण मालकाचा मुलगा कायम आपल्या लॅपटॉपवरून एसएसएचने (नेटवर्कवरून दूरून लॉगिन करायची सोय) आत जायचा. त्या दिवशी लाइट येता-जाता नेटवर्कचा स्विच जळाला, म्हणून पहिल्यांदा थेट सर्वरसमोर बसायची वेळ आली. अवतरण चिन्हाच्या बटणावर शिफ्ट दाबून ‘@’ काढला आणि आत गेलो. मग ‘लोडकीज’ कमांडने यूएस मांडणी लावली, आणि ती पुढच्या बूटलाही राहावी म्हणून ‘लोकेलसीटीएल’ कमांडने कायम केली. हॅकर कुठेच नव्हता. (तपासताना ‘लॉगिन’च्या जागी फक्त संशयित चिन्हं टाइप करा आणि पुसून टाका. पूर्ण पासवर्ड तिथे टाकून एंटर मारला तर तो लॉगमध्ये, म्हणजे सर्वरच्या नोंदवहीत, उघडा पडू शकतो.)

लॉगिन नेमकं कुठे अडतं, हेच मेसेज विचारत नाही. ‘लॉगिन’ हा शब्दच येत नसेल तर त्या पडद्यावर गेटी (‘लॉगिन’ विचारणारा प्रोग्राम) चालू नाही किंवा तुम्ही भलत्या पडद्यावर आहात. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून दुसरा पाहा. सिरियल केबलने जोडलं असेल आणि किडामुंगी अक्षरं दिसत असतील तर वेग जुळत नाही, एकीकडे ९६०० आणि दुसरीकडे ११५२००. पासवर्ड मान्य होऊन, मागच्या लॉगिनची वेळ दिसून परत बाहेर फेकलं, तर पासवर्ड बरोबर आहे. खोट खात्याच्या शेलमध्ये (लॉगिननंतर कमांड घेणाऱ्या प्रोग्राममध्ये) आहे, बहुतेक तिथे ‘नोलॉगिन’ लिहिलेलं असतं. चित्रांचा लॉगिन पडदा पासवर्ड घेऊन पुन्हा तिथेच येत असेल तर आधी डिस्क भरली आहे का पाहा. काळ्या पडद्यावर त्याच खात्याने बहुधा आत जाता येतं, तिथे डिस्कवरची जागा दाखवणारी ‘डीएफ’ कमांड चालवा.

आता बटण. इथे मेसेजवाल्याला थोडं श्रेय देतो, कारण बंद-चालू केल्याने कधी कधी खरंच लॉगिन होतं. पण का होतं? पुष्कळ सर्वरवर फेललॉक, म्हणजे चुकीचे पासवर्ड मोजून खातं बंद करणारी सोय, लावलेलं असतं. त्याची मूळ मांडणी अशी की १५ मिनिटांत तीन चुका झाल्या तर खातं १० मिनिटं बंद. त्या १० मिनिटांत बरोबर पासवर्डही चालत नाही. घाईत माणूस तीन वेळा चुकतो, चौथ्यांदा बरोबर टाकतो, तरी नकार, आणि मग खात्रीच पटते की पासवर्ड बदलला. चुकांची ही नोंद मूळ मांडणीत रन नावाच्या तात्पुरत्या फोल्डरात असते आणि बूट झालं की पुसली जाते. म्हणून बटणाची जादू. तोच परिणाम बाहेर चहा पिऊन आल्यावर फुकटात मिळतो. दुसऱ्या ॲडमिन खात्याने आत जाता येत असेल तर फेललॉकची रीसेट कमांड एका ओळीत काम करते.

बटणाचा धोका असा. पॉवर बटण क्षणभर दाबलं तर सर्वर साधारणपणे नीट आवरून बंद होतो. चार सेकंद धरून ठेवलं की वीज तोडल्यासारखंच, डेटाबेस लिहिता लिहिता तुटतो. आधीच आपल्याकडे लाइट दिवसातून किती वेळा जाते ते सांगायला नको, त्यात आपण आपल्या हाताने भर कशाला घालायची? काळ्या पडद्यावर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं तरी सगळं रीतसर थांबून बूट होतं. आणि लाइट आल्या आल्या लॉगिन करू नका. बूट पूर्ण होईपर्यंत सिस्टिम स्वतःच साध्या खात्यांना दाराबाहेर ठेवते, पडद्यावर तसं लिहूनही देते. ते इंग्रजी वाक्य वाचायचे कष्ट घ्या.

शॅडो फाइलमधून पासवर्ड खोडण्याबद्दल. रिकामा पासवर्ड काही मांडण्यांमध्ये चालतच नाही, आणि चालतो तिथे काट्यावर बसलेल्या कुणालाही आत घेतो. पासवर्ड खरोखर हरवला असेल तर मालकाची परवानगी घेऊन बूटच्या वेळी ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या मेनूत) ‘ई’ दाबा, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी इनिट (सर्वात आधी चालणारा प्रोग्राम) म्हणून बॅश हा शेल द्या, रूट विभाग लिहिता येईल असा पुन्हा माउंट करा आणि ‘पासवड’ कमांडने नवा पासवर्ड ठेवा. रेड हॅट घराण्यातलं लिनक्स असेल तर मुळाशी, म्हणजे सर्वात वरच्या फोल्डरात, ‘ऑटोरिलेबल’ नावाची ठिपक्याने सुरू होणारी रिकामी फाइल बनवायला विसरू नका. ती राहिली तर एसईलिनक्स हा सुरक्षेचा पहारा नव्या शॅडो फाइलला हात लावू देत नाही, आणि पासवर्ड बरोबर असून लॉगिन चूक दाखवतं. एका पतसंस्थेत मी स्वतः हे विसरलो होतो. पुढचा दीड तास गप्पच होतो. उबंटूवर ‘रूट’ने, म्हणजे सर्वाधिकारी खात्याने, प्रयत्न करत बसला असाल तर तेही सोडा, तिथे रूटचा पासवर्ड मुळातच लॉक असतो.

७७७ बद्दल फार लिहायची इच्छा नाही. मुळापासून सगळ्यांना ७७७ दिलं की रूटचे अधिकार मिळवून देणाऱ्या ‘सुडो’ आणि ‘एसयू’ या कमांडचा सेटयूआयडी बिट (त्यांना रूट म्हणून चालू देणारी खूण) उडतो, सुडो चालायला नकार देतो, आणि आपल्या खाजगी चाव्या सगळ्यांना उघड्या दिसतात म्हणून एसएसएच सर्वरही त्या वापरत नाही. एक दार अडलं होतं, आता तिन्ही अडली.

राहिलं फॉरमॅट. लॉगिन होत नाही याचा अर्थ डिस्क मेली असा होत नाही. पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स चालू करा, डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट करा, वजनाच्या पावत्यांचा डेटाबेस आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवा. तिथूनच लॉग उघडा. उबंटूत आणि जुन्या डेबियनमध्ये ऑथ लॉग, रेड हॅटमध्ये सिक्युअर नावाची फाइल. लॉगिन अडलेल्या वेळेच्या शेवटच्या वीसेक ओळी वाचल्या की बहुतेक वेळा कारण तिथेच लिहिलेलं सापडतं.