माणसाच्या लायब्ररीत म्हशीचे दूध शोधणाऱ्यांना

माझी भाची इथे कोल्हापुरातच एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी म्हशीच्या दुधातील प्रथिने मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजून, तपासते आहे. गेल्या आठवड्यात तिने विद्यार्थ्यांच्या गटांतून फिरणारा एक संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, "मामा, मग मी उगाचच राबतेय का?" त्यातील दावे असे: सस्तन प्राण्यांची प्रथिने सारखीच असल्याने माणसाची तयार स्पेक्ट्रल लायब्ररी (प्रथिने ओळखण्यासाठीच्या नोंदींचा संग्रह) कुठल्याही नमुन्याला चालते, लायब्ररी जितकी मोठी तितके चांगले, जुळणी दिसली म्हणजे पेप्टाइड (प्रथिन कापून मिळणारा तुकडा) आहेच, आणि आता संगणकच स्पेक्ट्रम (तुकड्यांच्या वस्तुमानांचा आलेख) वर्तवतो, तेव्हा स्वतःची लायब्ररी बांधण्याचे दिवस गेले.

पहिला दावा वाचून हसावे की रडावे ते कळेना. लायब्ररीत प्रत्येक पेप्टाइडचे वस्तुमान, त्याच्या तुकड्यांची तीव्रता आणि ते मिश्रण वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या कॉलममधून बाहेर पडण्याची वेळ नोंदलेली असते. ज्याची नोंद नाही ते समोर असूनही ओळखले जात नाही. एकच अमिनो आम्ल बदलले तरी बहुतेक वेळा वस्तुमान बदलते आणि नोंद निरुपयोगी ठरते. संशोधक रोझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लायब्ररीत 10,000 हून अधिक मानवी प्रथिने आहेत आणि ते काम उत्तमच आहे, पण माणसासाठी. गाय-म्हशीच्या दुधाच्या निवळीतील प्रमुख प्रथिन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, आईच्या दुधात नसतेच. मग ते या लायब्ररीत कुठून मिळणार? काही समान पेप्टाइडे जुळतील, हे मान्य. त्यांच्या जोडीला हमखास जुळेल ते केराटिन, हे त्वचेतले प्रथिन; म्हणजे गंगावेशीच्या कट्ट्यावरून आणलेल्या धारोष्ण दुधात भाचीच्याच बोटांची त्वचा सापडल्याचा अहवाल हाती येईल.

दुसरा आणि तिसरा दावा एकाच माळेचे मणी आहेत. जुळणी योगायोगानेही होते. म्हणूनच मुद्दाम उलटसुलट केलेल्या क्रमांची खोटी पेप्टाइडे, म्हणजे डिकॉय, शोधात मिसळून चुकीचे प्रमाण मोजतात. समजा, 1 टक्का चूक धरून 2,000 प्रथिनांची 20,000 पेप्टाइडे स्वीकारली. त्यातील 200 चुकीची. खरी पेप्टाइडे एकेका प्रथिनापाशी घोळक्याने जमतात, चुकीची मात्र विखुरतात. प्रत्येक चुकीच्या पेप्टाइडने एक नवे प्रथिन उभे केले, तर यादीतील सुमारे 9 टक्के प्रथिने बनावट ठरतील. लायब्ररी अवाढव्य असेल तर विखुरायला जागाही भरपूर. पेप्टाइड आणि प्रथिन या दोन्ही पातळ्यांवर चूक स्वतंत्रपणे आवरावी लागते, हे रोझेनबर्गर यांच्याच गटाने 2017 मध्ये 'नेचर मेथड्स'मध्ये सविस्तर मांडले आहे. संदेश लिहिणाऱ्याने तेवढा एक लेख वाचला असता, तरी पुढचा मनस्ताप टळला असता.

चौथ्या दाव्यात तथ्य आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. 2019 चे प्रोसिट आणि 2020 चे डीआयए-एनएन या संगणक प्रणालींनी वर्तवलेल्या लायब्ररी खरोखर कामाच्या आहेत. पण कोणत्या प्रथिनांचे आणि कोणत्या रासायनिक बदलांचे भाकीत हवे, ते आपणच सांगायचे असते. दूध उकळले की लॅक्टोज (दुधातील साखर) लायसिन या अमिनो आम्लाला चिकटते, वस्तुमान सुमारे 324 डाल्टनने (रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) वाढते आणि प्रथिने कापणारे विकर ट्रिप्सिन तिथे कापत नाही; लायब्ररीत याची सोय नसेल, तर तापवलेल्या दुधातील ही पेप्टाइडे दिसणारच नाहीत.

म्हशीच्या प्रथिनांची यादी घेऊन भाची आता कच्च्या आणि उकळलेल्या दुधाचे नमुने वेगवेगळे चालवते आहे. मानवी केराटिनच्या नोंदी मात्र मी तिला लायब्ररीत मुद्दाम ठेवायला सांगितल्या आहेत, म्हणजे तिच्या बोटांची त्वचा म्हशीच्या नावावर जमा होणार नाही.